जुना ऑक्टल बेस आणि आपला क्रिस्टल: पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसायचे. दुकान कसलं, एक फळी, एक स्टूल आणि मागे आढ्यापर्यंत रचलेले पोट उघडे रेडिओ. माझं हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन नुकतंच आलं होतं आणि घरी बांधायला घेतलेल्या छोट्या ट्रान्समीटरमध्ये क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारी डबीबंद वडी) बसवायला मला सॉकेट हवं होतं. काकांनी पत्र्याचा डबा माझ्यापुढं उपडा केला आणि म्हणाले, "काय पाहिजे ते घे, पण आधी मोजून घे. बसंना म्हणून वापस आणलास तर मी घेणार न्हाई."

मी मोजलं नाही. चिनी मातीचे पांढरेशुभ्र नऊ पिनांचे दोन बेस (व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांची, सॉकेटं) दिसले, देखणे वाटले, उचलले. घरी येऊन एचसी-६ जातीचा क्रिस्टल समोरासमोरच्या दोन भोकांत लावून पाहिला तर जरासा अडला, जोर लावल्यावर गेला. मी खूश. पुढचे चार दिवस ऑसिलेटर (क्रिस्टलला कंपित ठेवणारं सर्किट) कधी चालायचा, कधी नाही. टेबलाला धक्का लागला की बंद, फुंकर मारली की चालू. सर्किट तीनदा उकललं, व्हॉल्व्ह बदलला, कंडेन्सर बदलले. दोष बेसमध्ये होता. नऊ पिनांच्या बेसचं वर्तुळ ११.८९ मि.मी.चं आणि माझ्या क्रिस्टलच्या पिनांमधलं अंतर १२.३४. शिवाय पिना त्या बेसच्या मापापेक्षा जाड. जोर लावल्यामुळं आतल्या पत्र्या कायमच्या फाकल्या होत्या.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून.

पिना मोजा, मगच बाजारात जा

साधा व्हर्निअर पुरतो. दोनच मापं घ्यायची: पिनेची जाडी आणि दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर. मध्य डोळ्यांनी धरता येत नाही, तेव्हा दोन्ही पिनांच्या बाहेरच्या कडांपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून एका पिनेची जाडी वजा करा.

आपल्याकडे हाताला येणारे क्रिस्टल बहुतेक पुढच्यापैकीच असतात. एफटी-२४३ म्हणजे काळपट बेकेलाइटची चपटी डबी, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी सेटसाठी प्रचंड संख्येनं बनलेली. तिच्या पिनांमधलं अंतर १२.३४ मि.मी., पिना चांगल्या जाड, २.३६ मि.मी. एचसी-६/यू ही मोठी धातूची डबी. अंतर तेच १२.३४, पण पिना बारीक, १.२७ मि.मी. अगदी तशाच डबीला एफटी-२४३सारख्या जाड पिना असल्या तर ती एचसी-१७/यू. एचसी-२५/यू ही छोटी डबी, अंतर ४.८८ मि.मी. आणि पिना साधारण एक मि.मी. आणि शेवटी आजचा सगळीकडे मिळणारा एचसी-४९/यू. त्याला पिना नाहीतच, ०.४३ मि.मी.च्या दोन तारा, अंतर ४.८८.

एवढी माहिती एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दुकानात उभं राहिल्यावर आठवत नाही.

आठ पिनांचा बेसच का

ऑक्टल, म्हणजे आठ पिनांचा, बेस १९३५ साली अमेरिकेत आला. ६व्ही६, ६एल६, ६एसएन७, ५वाय३ हे सगळे ह्याच बेसवर बसणारे व्हॉल्व्ह. त्याच्या पिनांच्या वर्तुळाचा व्यास १७.४५ मि.मी. आणि पिनेची जाडी २.३६ मि.मी. आठ पिना म्हणजे दर दोन पिनांमध्ये ४५ अंशांचा कोन. आता एक पिन सोडून पुढची घ्या, म्हणजे १ आणि ३. त्यांच्यात ९० अंश. शाळेतली भूमिती काढली तर त्या दोघींमधलं सरळ अंतर व्यासाच्या ०.७०७ पट भरतं. १७.४५ गुणिले ०.७०७ म्हणजे १२.३४.

एफटी-२४३चं अंतर तेवढंच, जाडीही तीच. म्हणजे ह्या क्रिस्टलसाठी वेगळं सॉकेट शोधत फिरायची गरजच नाही. रेडिओतून निघालेला कुठलाही धड ऑक्टल बेस घ्या, एकाआड एक पिनांत क्रिस्टल लावा, तो बोटाला जाणवेल इतका घट्ट बसतो.

माझं मत असं की नवख्यानं सरळ ऑक्टल हाच आपला कायमचा बेस ठरवून टाकावा. क्रिस्टल पुढं कोणत्याही जातीचा मिळो, त्याला ऑक्टलच्या मापाचा पाय करून द्यायचा. बेस बदलत बसायचं नाही. चेसिसला, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याला, भोक एकदा पडलं की पडलं.

बेस कुठं मिळेल

जुने व्हॉल्व्ह रेडिओ आणि लाउडस्पीकरवाल्यांचे जुने ॲम्प्लिफायर हे पहिलं ठिकाण. लग्नात, जत्रेत भोंगे लावणाऱ्या जुन्या मंडपवाल्यांच्या माळ्यावर असे ॲम्प्लिफायर अजून धूळ खात पडलेले असतात. नांदेड-देगलूरकडच्यांना हैदराबाद जवळ. तिथं कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. मुंबईला जाणं झालंच तर लॅमिंग्टन रोड.

पण सगळ्यात सोपी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे कारखान्याचं कंट्रोल पॅनल. पॅनलमध्ये बसणारे आठ पिनांचे गोल रिले आणि टायमर आजही ऑक्टल बेसवरच बसतात. वाळूज, चिकलठाणा किंवा लातूरची एमआयडीसी, कुठल्याही पॅनल बनवणाऱ्याकडे "आठ पिनांचा रिले बेस" म्हणून विचारा. रेल्वर बसणारा, स्क्रूच्या टर्मिनलचा बेस मात्र घेऊ नका. त्याच्या आत लांब पितळी पट्ट्या असतात आणि क्रिस्टलच्या कामात त्या नुसता त्रास देतात. मागं सोल्डरिंगचे कान असलेला चपटा बेस मागा. आणि जळालेला आठ पिनांचा रिले कोणी फेकत असेल तर तोही घेऊन या. त्याचं काम पुढं आहे.

क्रिस्टलही भंगारात मिळतात. बटणांच्या जुन्या टेलिफोनात ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असायचा. तो आपल्या ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्‌झच्या ८० मीटर बँडात पडतो. कॉम्प्युटरच्या जुन्या मदरबोर्डवरचा १४.३१८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल २० मीटर बँडात येतो. जुन्या रंगीत टीव्हीतला ४.४३३ मेगाहर्ट्‌झचा मात्र कुठल्याच हॅम बँडात बसत नाही. तो सरावाला ठेवा. हात साफ करायला त्याच्यासारखा स्वस्त क्रिस्टल नाही.

बेस पारखणं आणि साफ करणं

बेकेलाइट की चिनी माती, ह्यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक मला माहीत आहेत. ७ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलसाठी स्वच्छ बेकेलाइट पुष्कळ झालं. चिनी माती मिळाली तर उत्तम, पण तिला चीर गेलेली नसावी. बेकेलाइटवर दोन पिनांच्या मध्ये काळी, कोळशासारखी रेघ दिसली तर तो बेस टाकून द्या. तिथून कधीतरी ठिणगी धावलेली असते आणि ती वाट घासून जात नाही. रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) जागचे बेस ह्या दुखण्याचे जास्त.

आपल्याकडची धूळ बारीक आणि चिकट. त्यात रेडिओच्या मेणाचा थर आणि कोळ्यांची घरं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजू घासा. भोकांच्या आत दात साफ करायचा बारीक ब्रश फिरवला तर काम छान होतं. काचपेपर आत घालू नका. कित्येक बेसच्या पत्र्यांवर चांदीचा मुलामा असतो आणि तो दोन फेऱ्यांत उतरतो. धुतलेला बेस उन्हात ठेवा. मे महिन्यात अर्धा तास, श्रावणात दिवसभर.

मग मीटर सगळ्यात मोठ्या ओहमच्या रेंजवर ठेवून शेजारच्या पिना एकेक तपासा. कुठंही आकडा दिसता कामा नये.

राहिली पकड. एफटी-२४३ किंवा एखादा मेलेला ऑक्टल व्हॉल्व्ह लावून काढून पाहा. सैल वाटलं तर घड्याळवाल्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर किंवा दाभणाचं टोक भोकाच्या कडेनं घालून पत्री हळूच आत दाबा. थोडं दाबा, लावून पाहा, परत थोडं. घाई केली की पत्री मोडते, आणि आठातली एक मोडली तरी पुढची युक्ती लंगडी होते.

आठही पिना कामाला लावा

व्हॉल्व्हच्या मधोमध खुंटी असते, तिला एक कड असते, त्यामुळं व्हॉल्व्ह एकाच दिशेनं बसतो. क्रिस्टलला तसलं काही नाही. तुम्ही फक्त १ आणि ३ला तारा जोडल्या असतील तर अंधारात, घाईत किंवा लाइट गेल्यावर तो २ आणि ४ मध्ये जाणारच. मग सेट मुका का झाला म्हणून डोकं खाजवत बसायचं.

त्यावर तोड अशी. १, २, ५, ६ ह्या चार पिना एकमेकींना जोडा. हा झाला पहिला गट. ३, ४, ७, ८ ह्या चार एकमेकींना जोडा, हा दुसरा. आता एक सोडून एक अशी कुठलीही जोडी घेऊन पाहा: १-३, २-४, ३-५, ४-६, ५-७, ६-८, ७-१, ८-२. प्रत्येक जोडीत एक पिन पहिल्या गटाची आणि एक दुसऱ्या गटाची येते. क्रिस्टलला उलटसुलट नसतंच. म्हणजे तो कसाही खुपसला तरी बरोबर लागतो.

पिना मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर माझ्यासारखी पूर्ण संध्याकाळ जाईल. आकडे खालून, म्हणजे सोल्डरच्या बाजूनं मोजायचे. मधल्या भोकाची खाच शोधा. खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पहिली पिन १, मग २, ३ असं ८पर्यंत. वरून पाहिलं तर हीच मोजणी उलट्या दिशेनं जाते. क्रिस्टलच्या बेसला ही चूक चालून जाते, कारण गट तसेच राहतात. पण त्याच हातासरशी शेजारच्या व्हॉल्व्हचा बेसही उलटा मोजून जोडलात की ६व्ही६सारख्या व्हॉल्व्हात स्क्रीन ह्या पिनेचं हाय टेन्शन (दोन-तीनशे व्होल्ट) थेट ग्रिडवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या पिनेवर.

सोल्डरिंग

तार २२ गेजची कथील चढवलेली तांब्याची, एकेरी. बेसच्या कानांतून ओवत नेताना जिथं दोन गटांच्या तारा एकमेकींजवळून जातात तिथं स्लिव्ह (तारेवर चढवायची प्लास्टिकची नळी) घाला. मी पहिला गट कानांच्या मुळाशी आणि दुसरा टोकाशी नेतो, म्हणजे दोन मजले होतात आणि नजरेला गुंता राहत नाही.

जुने कान काळे पडलेले असतात. ब्लेडनं खरवडून तांबूस किंवा पांढरं दिसू द्या, राळेचा फ्लक्स लावा, आधी नुसतं कथील चढवा आणि मगच तार जोडा. भांड्यांना कल्हई करणाऱ्याचा नवसागर किंवा डबे जोडायचं ॲसिड इथं चुकूनही नको. जोड आज चकाकतो, पण पुढच्या पावसाळ्यात हिरवा होतो आणि पिनांमध्ये गळती सुरू होते.

सोल्डर करताना बेस रिकामा ठेवू नका. वरून मेलेला ऑक्टल व्हॉल्व्ह लावून ठेवा. पत्र्या बेसमध्ये थोड्या हलत्या असतात. कान वाकडा असताना तार आवळली गेली की पत्री तिरकी होते आणि पिन आत जाईना होते. व्हॉल्व्ह लावलेला असला की सगळ्या पत्र्या आपापल्या जागी राहतात. कथील मात्र बेतानं घ्या. जास्त दिलं की ते कानावरून वर चढून थेट पत्रीत शिरतं, आणि मग बेस आणि व्हॉल्व्ह दोघंही जन्मभराचे सोबती.

काम झाल्यावर मीटर बीपवर ठेवा. गटातल्या चारही पिनांवर बीप हवा, दोन गटांमध्ये शांतता हवी.

बारीक पिनांचे आणि तारांचे क्रिस्टल

एचसी-६/यूचं अंतर जुळतं, पण १.२७ची पिन २.३६च्या भोकात खुळखुळते. ह्यासाठी मी वापरतो ती वस्तू कुठल्याही किराणा दुकानात मिळते. चार रंगांच्या बॉलपेनमधली बारीक रिफिल. त्या मापाच्या रिफिलचा बाहेरचा व्यास २.३५ मि.मी. असतो, म्हणजे ऑक्टल पिनेइतकाच. प्लास्टिकची नको, धातूची बघून घ्या. चाकूखाली फिरवत फिरवत पिनेच्या लांबीचे दोन तुकडे कापा, शाई स्पिरिटनं पूर्ण काढा, आतून-बाहेरून कथील चढवा आणि क्रिस्टलच्या पिनेवर सरकवून चटकन डाग द्या. चटकन, कारण पिन काचेतून बाहेर आलेली असते आणि फार तापली तर काच तडकते. एक पिन झाली की थंड होऊ द्या, मगच दुसरी घ्या. शेवटी व्हर्निअरनं अंतर परत मोजा.

एचसी-४९/यूसाठी आता तो जळका रिले काढा. वरचं प्लास्टिकचं टोपण काढलं की आतली कॉइल आणि संपर्क कापून टाका. हातात राहतो तो आठ पिनांचा पाया. त्याच्या पिना पोकळ असतात. प्रत्येक पिनेच्या टोकाला आयर्न लावून कथील वितळवा आणि पाया झटका म्हणजे पिन मोकळी होते. क्रिस्टलच्या तारांना स्लिव्ह घालून त्या १ आणि ३ मधून खाली ओढा, टोकाला डाग द्या, जास्तीची तार कापा. वर टोपण परत बसवा आणि त्यावर मार्करनं फ्रिक्वेन्सी लिहा. जुन्या व्हॉल्व्हच्या पायाचंही असंच करता येतं, पण त्यासाठी काच फोडावी लागते आणि आत निर्वात असतो. करायचंच असेल तर जाड गोधडीत गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून करा. रिले हाताशी असताना मी तरी काच फोडत नाही.

एक उरला एचसी-२५/यू. त्यालाही असाच पाया द्या, फक्त त्याच्या पिनांना डाग न देता आत छोट्या सॉकेटच्या दोन पत्र्या बसवल्या तर क्रिस्टल बदलता येतो. फक्त ट्रान्झिस्टरवर काम असेल तर एवढाही खटाटोप नको. गोल भोकांच्या आयसी सॉकेटच्या पट्टीतून तीन भोकं कापा आणि मधलं सोडा. कडेच्या दोन भोकांत ५.०८ मि.मी. अंतर राहतं, आणि एचसी-४९च्या तारा त्यात सहज जातात.

सेटमध्ये बसवण्याआधी चाचणी

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये थेट बसवू नका. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर एक ट्रान्झिस्टर लावून आधी बेस आणि क्रिस्टल दोन्ही तपासा. बीसी५४७चा कलेक्टर सरळ बॅटरीच्या प्लसला. प्लसपासून ट्रान्झिस्टरच्या बेसला १०० किलोओहम. ट्रान्झिस्टरच्या बेसपासून मायनसला आपला क्रिस्टल, म्हणजे ऑक्टलचे दोन गट. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये २२० पिकोफॅरड, एमिटरपासून मायनसला आणखी २२० पिकोफॅरड आणि त्याला समांतर १ किलोओहम. प्लस-मायनसमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. झालं.

फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर असेल तर एमिटरवर १० पिकोफॅरडमधून जोडा. नसेल तर शॉर्टवेव्हचा साधा रेडिओ शेजारी ठेवा. ३.५७९चा क्रिस्टल असेल तर त्याची दुप्पट ७.१५९ मेगाहर्ट्‌झवर शोधा. आवाज येणार नाही, उलट रेडिओची खरखर एकदम दबते. क्रिस्टल उपसला की खरखर परत. आता क्रिस्टल फिरवत आठही जोड्यांत लावून पाहा. प्रत्येक वेळी खरखर दबली पाहिजे. बेसला बोटानं टिचकी मारा. खरखर मध्येच परत आली तर एखादी पत्री सैल आहे. ती आत्ताच दुरुस्त करा, चेसिसमध्ये गेल्यावर तिथं बोट पोचत नाही.

एफटी-२४३ चालतच नसेल तर लगेच फेकू नका. समोरचे तीन बारीक स्क्रू काढले की आत दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबलेली क्वार्ट्‌झची पातळ वडी दिसते. चिमट्यानं कडेनं धरा, साबणाच्या पाण्यात आणि मग अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा आणि होती तशीच परत ठेवा. तिच्या पृष्ठभागाला बोट लावू नका. ऐंशी वर्षं मुका राहिलेला क्रिस्टल एवढ्यावर बोललेला मी पाहिला आहे.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये

परवाना हातात नसेल तर इथंच थांबा. वरचा चाचणी ऑसिलेटर शिकायला भरपूर आहे, ट्रान्समीटर परवान्यानंतर.

क्रिस्टल ग्रिड आणि चेसिस ह्यांच्या मध्ये लागतो असं सर्किट निवडा. पहिला गट चेसिसला, दुसरा ग्रिडला. म्हणजे क्रिस्टलच्या अर्ध्या पिना कायम जमिनीवर राहतात. पिअर्स नावाच्या ऑसिलेटर सर्किटच्या साध्या रूपात क्रिस्टल प्लेट किंवा स्क्रीन (ह्या दोन्ही हाय टेन्शनच्या पिना) आणि ग्रिडच्या मध्ये असतो, आणि मध्ये कंडेन्सर नसेल तर पॅनलवरच्या उघड्या बेसवर दोन-तीनशे व्होल्ट उभे असतात. मोकळ्या भोकांतून बोट नाही तरी स्क्रूड्रायव्हर जातोच. तेच सर्किट करायचं असेल तर प्लेटकडून येणाऱ्या तारेत १००० पिकोफॅरड, एक किलोव्होल्टचा कंडेन्सर बेसच्या आधीच घाला. आणि सर्किट कोणतंही असो, हाय टेन्शन चालू असताना क्रिस्टल बदलायचा नाही.

दुसरी काळजी करंटची. एफटी-२४३मधली वडी मोठी, ती थोडी मारझोड सोसते. एचसी-४९मधली नाजूक. तिची मर्यादा साधारण एक मिलीवॅट किंवा त्याहूनही कमी. ६व्ही६ला तीनशे व्होल्ट देऊन आजचा क्रिस्टल लावला तर मोर्सचा प्रत्येक ठोका "चिऊ" असा घसरत ऐकू येतो आणि एक दिवस आतली वडी तडकते. व्होल्टेज कमी ठेवा. जुने लोक क्रिस्टलच्या तारेत २ व्होल्ट, ६० मिलिअँपिअरचा छोटा बल्ब घालायचे. बल्ब पेटायला लागला की करंट जास्त, आणि फारच झालं तर क्रिस्टलआधी बल्ब जातो. एफटी-२४३साठी ही युक्ती अजून चांगली. एचसी-४९ मात्र बल्ब लाल व्हायच्या कितीतरी आधी गेलेला असतो.

बेस ग्रिडच्या जवळ ठेवा, तार दोन-तीन सेंटिमीटरहून लांब नको. लांब तारेची काही पिकोफॅरड क्षमता क्रिस्टलला समांतर पडते आणि फ्रिक्वेन्सी खाली ओढते. व्हॉल्व्हला चिकटूनही नको. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या वर असते, त्यात व्हॉल्व्हची धग मिळाली की क्रिस्टल सरकत राहतो. मी मध्ये पत्र्याची एक उभी पट्टी लावतो.

भोकासाठी: ऑक्टल बेसला बहुतेक २८ ते ३० मि.मी.चं भोक लागतं, पण आकड्यावर विसंबू नका, हातातला बेस मोजा. पंच नसेल तर वर्तुळ आखून आतून बारीक भोकांची माळ पाडा, तुकडा काढा आणि अर्धगोल कानसीनं कड घासा. ॲल्युमिनियमला अर्धा तास लागतो.

दोन-चार क्रिस्टल हवे असतील तर

एकाच बेसवर दोन एफटी-२४३ पाठीला पाठ लावून मावतात, एक १-३ मध्ये आणि दुसरा ५-७ मध्ये. पण त्यासाठी वरची आठ पिनांची जोडणी सोडावी लागते, नाहीतर दोन्ही क्रिस्टल समांतर पडतात. अशा वेळी १ आणि ५ चेसिसला, ३ आणि ७ स्विचकडे, बाकीच्या चार पिना रिकाम्या. चार क्रिस्टलसाठी दोन बेस आणि चिनी मातीचा फिरता स्विच. स्विच नेहमी ग्रिडच्या बाजूला, चेसिसची बाजू सगळ्यांची एकच.

माझ्या सेटवर ४० मीटरचे दोन क्रिस्टल असेच बसवले आहेत. दिवसा ७ मेगाहर्ट्‌झवर लातूरहून पुणे-मुंबई सहज निघतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर संपर्काच्या कामात हॅम लोकही होते. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हॅम रेडिओ हा शब्द माहीत असतो तो बहुतेक तेव्हापासून. माझ्या आईला मात्र अजूनही त्या सेटवर परभणी केंद्र का लागत नाही हे पटलेलं नाही.

शेवटचं काम स्टिकरचं. क्रिस्टलचा बेस आणि व्हॉल्व्हचा बेस दिसायला सारखेच. कोणीतरी एक दिवस हौसेनं व्हॉल्व्ह क्रिस्टलच्या जागी आणि क्रिस्टल व्हॉल्व्हच्या जागी लावणार, आणि ६व्ही६च्या बेसमध्ये ३ नंबरवर प्लेटचं व्होल्टेज असतं. क्रिस्टलच्या बेसभोवती लाल नेलपॉलिशचा एक गोल काढा. वाळला की त्यावर चिकटपट्टी.